बदलीचं रक्त

पांढुर्ण्याला बघण्यासारखं काय आहे, असं मला निघताना तिघांनी विचारलं, आणि परत आल्यावर त्याच तिघांनी विचारलं, मग काय बघितलंस? संत्र्याच्या बागा बघितल्या, जाम नदी बघितली, पातोडी खाऊन डोळ्यांतून पाणी काढलं. आणि एका बाईच्या रक्ताचे रिपोर्ट बघितले. हे लिहिते आहे ते त्या रिपोर्टांसाठी. लिहू का म्हणून तिला विचारलं होतं. नाव बदला, गाव सांगू नका, बाकी खरं लिहा, असं तिनं सांगितलं. तेवढं पाळलं आहे.

सोमवार, पांढुर्णा

कुंदा माझी जुनी मैत्रीण. चाळीस वर्षांपूर्वी नागपुरात आम्ही एका खोलीत राहायचो. मी रक्त तपासायचा कोर्स करत होते, ती समाजकार्याचा. पुढं मी मिरजेला गेले आणि एकतीस वर्षं लॅबमध्ये काढली. ती आपल्या गावी पांढुर्ण्याला परतली ती परतलीच. आता दोघी निवृत्त. मी घरी बसून सुनेच्या आमटीत मीठ कमी म्हणून खोड काढते. कुंदा एचआयव्ही असलेल्या लोकांच्या घरी जाते, गोळ्या घेताय का विचारते, घेतल्या नसल्या तर भांडते. हे कोणी तिला सांगितलेलं नाही. "पेट्रोल माझं, भांडण पण माझं," असं ती म्हणते.

स्टेशनबाहेर पडल्यावर सगळ्या पाट्या हिंदीत दिसल्या, म्हणून मी रिक्षावाल्याशी माझ्या मिरजेच्या हिंदीत बोलले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बसा न बाई, कुठी जायचं हाय?" हा भाग मध्य प्रदेशात, पण बोलणं आपलंच, फक्त चाल वेगळी. जिल्हा होऊन दोन-तीन वर्षंच झाली आहेत, त्यामुळं कचेऱ्यांच्या पाट्या कोऱ्या करकरीत आणि त्यांच्याखाली उभी माणसं जुनीच. बायका इथं 'मी जातो, मी येतो' असं बोलतात. पहिल्या दिवशी मला सारखं वाटायचं की कोणी पुरुष बोलतोय, आणि वळून बघितलं की नऊवारीतली आजीबाई.

कुंदानं पातोडी केली होती. आमच्याकडं पाटवड्या कोरड्या, वर खोबरं-कोथिंबीर पेरलेल्या. इथं त्या लालभडक रश्श्यात बुडवतात आणि वर बोटभर तर्री. मी दोन घास खाल्ले आणि पाण्याचा तांब्या संपवला. कुंदा म्हणाली, "कोल्हापूरच्या शेजारची ना तू? मग?" मी म्हटलं, आमचं तिखट जिभेला लागतं, तुमचं थेट कानात जातं.

जेवण आटोपल्यावर तिनं एक फाईल काढली. चेहऱ्यावर असा आनंद, जसा नातवाचा फोटो दाखवताना असतो. नावावर अंगठा दाबून तिनं एक कागद माझ्यापुढं धरला.

"हे पाहा, विजू. ही बाई माझ्याकडे आली तेव्हा चौऱ्याऐंशी होत्या. आता पाहा. सातशे पाच."

ती बोलत होती सीडी-फोर पेशींबद्दल. ज्यांनी कधी असा रिपोर्ट हातात घेतला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये टी पेशी नावाची एक जात असते. तिच्यात दोन मोठे गट. सीडी-फोरवाल्या पेशी शरीरात कोण घुसलं ते ओळखतात आणि बाकीच्यांना कामाला लावतात. सीडी-एटवाल्या बिघडलेल्या पेशी शोधून मारतात. निरोगी माणसात फोर जास्त, एट कमी, साधारण दीडपट-दुप्पट असा फरक. एचआयव्ही शिरतो तो नेमका फोरमध्येच, तिथंच वाढतो, आणि त्या संपत जातात. तिकडं एट लढून लढून वाढतात. त्यामुळं सगळं उलटं होतं, फोर कमी आणि एट जास्त. मशीनवर पेशींना रंग लावून एकेक लेसरपुढून सोडतात, तेव्हा पडद्यावर ठिपके उमटतात. अशा माणसाच्या पडद्यावर फोरच्या जागी विरळ रांगोळी आणि एटच्या जागी नुसती गर्दी दिसते. मी हजारोंनी असे पडदे बघितलेत. ठिपक्यांमागच्या माणसांपैकी मात्र फारच थोडी बघितली.

गोळ्या सुरू केल्या की फोर वर येतात. कुंदा खूश होती ती त्यावर. म्हणाली, "व्हायरसची मोजणी पण झाली. काहीच सापडलं नाही. मागच्या वेळीपण पेशी इतक्याच चांगल्या होत्या. सलग दोन चांगले रिपोर्ट आले, म्हणून डॉक्टर येत्या गुरुवारपासून तिची बचावाची गोळी बंद करणार आहेत."

ही बचावाची गोळी वेगळी. फोर फार कमी असल्या की साधे जंतूसुद्धा छातीत घर करतात, म्हणून ती रोज द्यायची. फोर भरपूर झाल्या की तिची गरज उरत नाही.

मी रिपोर्ट हातात घेतला. सवयीनं माझी नजर खालच्या ओळीवर गेली, जी सहसा कोणी बघत नाही. सीडी-एट चारशे तीस.

"जुने रिपोर्ट आहेत?" मी विचारलं.

होते. पहिला, दोन वर्षांपूर्वीचा: फोर चौऱ्याऐंशी, एट हजारावर. दुसरा: फोर एकशे अठ्ठ्याण्णव, एट बाराशे चाळीस. मग सहा महिन्यांनी तिसरा: फोर सहाशे नव्वद, एट चारशे पंचेचाळीस. आणि हा चौथा.

"तब्येत कशी आहे बाईची?"

"मस्त. थोडा खोकला आहे म्हणते, बागेतल्या फवारणीचा. गावच्या डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं. रिपोर्ट इतका चांगला म्हटल्यावर काळजी काय?"

मी फाईल बंद केली आणि चांगलं आहे म्हटलं. खोटं बोलले. माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला होता, पण मैत्रिणीच्या घरी येऊन पाच तास झाले नाहीत तोच तिच्या आनंदावर पाणी ओतायची हिंमत मला झाली नाही.

मंगळवार, जाम नदीचा पूल

सकाळी आम्ही पुलावर फिरायला गेलो. पलीकडं सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी याच नदीत दोन्ही गावं एकमेकांवर दगड मारतात हे मी ऐकून होते. विचारल्यावर कुंदानं "हो, ते असते" एवढंच उत्तर दिलं, आणि माझा चेहरा बघून म्हणाली, "ते सोड. तू कालपासून काहीतरी गिळून बसली आहेस. बोल."

मी बोलले. फोर वाढू शकतात, एखाद्याच्या भरभर वाढतात, त्याचं मला नवल नाही. पण एट फार हट्टी. गोळ्या नेमानं घेतल्या, फोर सुधारल्या, तरी एट वर्षानुवर्षं चढेच राहतात. कितीतरी जणांचं ते उलटं झालेलं प्रमाण पुन्हा सुलटं होतच नाही. आणि या बाईच्या एट सहा महिन्यांत बाराशेवरून साडेचारशेवर आल्या, जणू कधी काही झालंच नव्हतं.

"म्हणजे?"

"म्हणजे ते रक्त एचआयव्ही असलेल्या माणसाचं वाटत नाही मला."

कुंदा थांबली. "नळ्या बदलल्या असतील लॅबमध्ये?"

मलाही आधी तेच वाटलं होतं. लॅबवाल्याला आधी लॅबचीच चूक सुचते. पण नळ्या बदलल्या असत्या तर एकदा बदलल्या असत्या. तिसरा आणि चौथा रिपोर्ट सहा महिन्यांच्या अंतरानं आलेले आणि एकमेकांशी जुळणारे. म्हणजे कुणीतरी निरोगी माणूस होतं, दोन्ही वेळा तेच.

कुंदाला राग आला. माझ्यावरच आला. "तू एका कागदावरून सांगून राहिली. मी त्या बाईला दोन वर्षांपासून ओळखतो. नवरा गेला, सासरच्यांनी हाकललं, त्यातून ती उभी राहिली. ती मला फसवणार?"

"मी फसवलं म्हटलं नाही."

"मग काय म्हटलं?"

त्यानंतर ती माझ्या चार पावलं पुढं चालत घरी आली. दुपारी तिनं गोळाभात केला, बेसनाचे वाफवलेले गोळे भातावर कुस्करून वर कढत फल्लीचं तेल. फल्ली म्हणजे शेंगदाणा. पदार्थ इतका चांगला होता की भांडणातसुद्धा मी दुसऱ्यांदा वाढून घेतला. तिनं वाढलं, पण ताट जरा जोरातच ठेवलं. मला वाईट वाटत होतं, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. मी बरोबर असले तर एका बाईच्या अंगात बचाव नाही, छातीत खोकला आहे, आणि गुरुवारी तिची बचावाची गोळी बंद होणार आहे. मी चूक असले तर फक्त मैत्री बिघडेल. मला चूक ठरायला फार आवडलं असतं.

संध्याकाळी चहा देताना कुंदा म्हणाली, "उद्या जाऊ तिच्याकडे. सौसरच्या पुढे बागेत आहे. तिनं हो म्हटलं तरच तुझ्यासमोर बोलीन."

बुधवार, सौसरच्या पुढं

पांढुर्ण्याहून सौसरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला. बायका ओट्या बांधून वेचत होत्या. सौसर ओलांडल्यावर संत्र्याच्या बागा सुरू झाल्या. आंबिया बहाराची तोड चालू होती. आमच्याकडं द्राक्षाच्या बागेत चप्पल घालून कोणी येऊ देत नाही. इथं तसं काही नाही, पण ठिबकच्या चिखलात माझी चप्पल अशी रुतली की तिचा अंगठाच तुटला. पुढचा सगळा प्रसंग मी एका पायात चप्पल घालून पाहिला, आणि परत येताना लोधीखेड्याच्या बाजारात नवा जोड घेतला.

झाडाखाली संत्र्यांचे ढीग आणि भोवती तोडणीच्या टोळीतल्या पंधरा-वीस बायका. मोठं फळ एकीकडं, बारीक एकीकडं, डागी तिसरीकडं, मग प्लास्टिकच्या कॅरेटमध्ये भरायचं. हात इतके भराभर चालत होते की मला मोजता येईना. शीला, हे तिचं खरं नाव नाही, टोकाला बसली होती. चाळिशीची असेल, अंगानं वाळलेली, डोक्याला रुमाल. खोकला आला की तोंड फिरवून पदर लावायची.

"जय भीम मॅडम," ती उठून आली.

कुंदानं तिला लांबच्या झाडाखाली नेलं, मी कोण ते सांगितलं, आणि हिच्यापुढं बोलू का विचारलं. शीला म्हणाली, "बोला न. तुमची मैतरीण म्हणजे आपलीच."

कुंदानं रात्रभर काय काय जुळवून ठेवलं होतं कोण जाणे. ऐन वेळी तिनं सरळच विचारलं. "शीला, मागच्या खेपेला केंद्रात रक्त द्यायला कोण गेलं होतं?"

"वनिता गेल्ती न."

एक क्षणभरही ती अडखळली नाही. वनिता, हेही बदललेलं नाव, तिची मोठी बहीण, केंद्राजवळच दिलेली.

"अन् त्याच्या आधी?"

"तवाही तेच. मी वरूडकडे टोळीत होतो न तवा. काहून, तिनं बरोबर नाही देलं काय?"

मी खोटेपणासाठी तयार होऊन गेले होते. रडणं, नाकारणं, हातापाया पडणं, सगळ्यासाठी. या प्रश्नासाठी नव्हते. कुंदानं माझ्याकडं बघितलं आणि मी चिखलातल्या पायाकडं.

मग शीलानं समजावून सांगितलं, आम्हालाच काही कळत नसल्यासारखं. वनिताचं घर केंद्रापासून पायी दहा मिनिटांवर. शीलाला तिथवर जायचं तर दिवस जातो, आणि टोळी बाहेरगावी असली की येताच येत नाही. गोळ्या न्यायला वनिताच जायची. घरच्या माणसानं नेल्या तरी चालतात, असं तिथंच सांगितलेलं. एकदा गोळ्या नेताना खिडकीतून आवाज आला, आज रक्तपण द्यायचं आहे. वनिता कार्ड घेऊन रांगेत उभी राहिली. कार्डावर फोटो नव्हता. नाव पुकारलं, तिनं हात पुढं केला.

"गोळ्या घरच्यानं नेल्या तं चालते. मंग रक्त काहून नाही?" शीला म्हणाली. तिनं ढिगाकडं बोट दाखवलं. "ते निळ्या लुगड्यावाली पाहा. ते आज तिच्या नंदेची बदली हाय. मुकादम काही म्हणत नाही. काम झालं म्हणजे झालं."

हे नंतर मी टोळीतल्या इतर बायांकडूनही ऐकलं. एखादीला यायला जमलं नाही तर ती घरातल्या दुसरीला पाठवते. बहीण, जाऊ, नणंद, कोणीही. हजेरी पहिलीच्या नावानं लागते. वर्षानुवर्षं असंच चालत आलंय आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मिरजेत आमच्या लॅबमध्येही आम्ही एकमेकींच्या ड्यूट्या करायचो, फक्त अर्ज लिहून.

"पण शीला," कुंदा म्हणाली, "रिपोर्ट तर वनिताच्या रक्ताचा आला ना. तुझ्या नाही."

"एका मायचं रक्त हाय मॅडम. सख्खी बहीण हाय. तुम्ही सांगतलं पेशी वाढल्या, मले बरं वाटलं. मले खरंच बरं वाटत होतं. मी जिलबी नाही का वाटली?"

"मी पण खाल्ली ती जिलबी," कुंदा म्हणाली.

शीलाच्या चेहऱ्यावर आता काहीतरी हललं. ती हळूच म्हणाली, "तं मंग माझ्या किती हायत?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "वर्षभर कोणी मोजल्याच नाहीत."

गोळी रोज घेतेस का, हे मीच विचारलं. कुंदाच्या तोंडून तो प्रश्न निघेना. घरी असलो की घेतो, शीला म्हणाली. टोळीत? टोळीत कशी घेऊ? बारा बाया एका शेडमध्ये, निजायला एकच सतरंजी, आंघोळीला एकच आडोसा. ती पांढरी डबी आता सगळ्यांना ओळखू येते. हालली की वाजते. ती वाजू नये म्हणून शीलानं डबीत कापूस कोंबला होता. तरी एका बाईनं पिशवी उघडून विचारलंच, हे काय? त्या दिवसापासून टोळीत जाताना डबी घरीच ठेवते. पंधरा दिवस, कधी महिना.

"पोरगी दहावीत हाय," ती माझ्याकडं बघून म्हणाली. "तिची बारावी होतपर्यंत तं राहीन न मी?"

मला असल्या प्रश्नांची सवय नाही. माझ्यापर्यंत नळ्या यायच्या आणि त्या असं काही विचारत नसत. मी म्हटलं, गोळी रोज घेतलीस तर तिची पोरंही खेळवशील. पण रोज. शीलानं मान हलवली आणि परत जाऊन ढिगाशी बसली. हात लगेच चालू झाले. आमच्या पिशवीत तिनं जबरदस्तीनं दहा-बारा संत्री टाकली, मोठ्या ढिगातली.

परतीच्या वाटेवर कुंदा रडली. गाडी बाजूला घेऊन व्यवस्थित रडली. "मी दर वेळी पेशी विचारल्या, विजू. गोळी टोळीत कुठं ठेवते हे एकदाही विचारलं नाही." मी तिला संत्रं सोलून दिलं. दुसरं काय देणार?

गुरुवार, केंद्र

केंद्र कुठलं ते लिहीत नाही. तिथली माणसं वाईट नाहीत. गर्दी फार, आणि कार्ड बघितलं, नाव जुळलं, सुई टोचली, यात त्यांचाही दिवस जातो. कुंदानं डॉक्टरांना सगळं सांगितलं. तरुण डॉक्टर, ऐकताना पेन टेबलावर आपटत होते, मग आपटायचे थांबले. त्यांनी बचावाची गोळी चालू ठेवली, नव्यानं रक्त आणि थुंकी तपासायला लिहिली, छातीचा फोटो काढायला सांगितला. म्हणाले, "आजपासून कार्डावर फोटो लावू." आणि मला म्हणाले, "मॅडम, एटची ओळ मी बघितली नव्हती." मी म्हटलं, मीही पन्नाशीपर्यंत बघत नव्हते. हे खरं आहे.

शीला मुकादमाला सांगून आली होती. सोबत वनिता. ही थोरली, अंगानं भरलेली, बडबडी, पण त्या दिवशी घाबरून अर्धी झाली होती. मला बाजूला घेऊन तिनं पहिलं काय विचारलं असेल, तर "बाई, पोलीस केस होते काय?"

नाही होत, म्हटलं.

"म्या काही वाईट नाही केलं बाई. मले सुईचं भेव लागते, लहानपणापासून. तरी दोनदा टोचून घेतली. म्या म्हटलं, सुई मले टोचली, आकडा तिचा चांगला आला, चांगलंच झालं."

शीलानं रक्त दिलं तेव्हा वनिता दाराकडं तोंड करून उभी होती. बहिणीला टोचलेलंही तिला बघवत नव्हतं. लाल नळी भरली, शीलाचं नाव लिहिलं गेलं. गेल्या वर्षभरात त्या नावाच्या नळीत पहिल्यांदा त्याच माणसाचं रक्त होतं.

शनिवार, पांढुर्णा

माझी गाडी संध्याकाळची होती. रिपोर्ट दुपारी आला. केंद्रात गर्दी, म्हणून डॉक्टरांशी बोलून कुंदा दोघी बहिणींना घरी घेऊन आली. चहा केला, इथल्या रीतीप्रमाणं पाकासारखा गोड. दोघींनी कप हातात धरून ठेवले.

कुंदानं आधी बरं सांगितलं. थुंकीत टीबी निघाला नाही. छातीत जंतुसंसर्गाचा डाग आहे, पण सुरुवात आहे. औषध कालपासून चालू झालं, पंधरा दिवस काम बंद. मग तिनं कागद माझ्याकडं दिला. मीच वाचला. फोर एकशे सात. एट साडेबाराशेच्या वर.

"पयले किती होत्या?" शीलानं विचारलं.

"एकशे अठ्ठ्याण्णव."

"म्हणजे उतरल्या."

"उतरल्या. पण चढतात. एकदा चढल्या होत्या ना? चौऱ्याऐंशीवरून तूच चढवल्या होत्यास, तुझ्याच गोळ्यांनी."

शीलानं चहा प्यायला, सगळा, आणि कप खाली ठेवला. ती रडली नाही. डोळेही भरले नाहीत. रोज गोळी घ्यायची, एवढंच ना, म्हणाली. पण ते तिनं कसं जमवायचं, हे आमच्या चौघींपैकी कोणालाच माहीत नव्हतं. पंधरा दिवसांनी ती पुन्हा टोळीत जाणार होती. त्याशिवाय घर चालणार नव्हतं. कुंदा म्हणत होती, साध्या शिशीत गोळ्या काढून ठेव, बायांना सांग ताकदीच्या आहेत. शीला म्हणाली, ज्या बाईनं डबी पाह्यली ते गप बसणार नाही.

वनिता इतका वेळ रिपोर्टाकडं बघत होती. तिला तो वाचता येत नव्हता, हिंदीत आणि इंग्रजीत होता.

"बाई," ती मला म्हणाली, "माझ्या किती होत्या म्हणालं?"

"सातशे."

"येवढ्या मले लागतात काय?"

"लागतात."

"अर्ध्या इले नाही देता येत? लोक रक्त देतात न बाटलीनं."

मी एकतीस वर्षांत पुष्कळ डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तरं दिली आहेत. हे उत्तर त्या सगळ्यांपेक्षा सोपं होतं. म्हटलं, नाही येत देता. दिल्या तरी तिच्या अंगातला विषाणू त्यांच्यातही शिरेल. तिच्या तिलाच तयार कराव्या लागतात, आणि त्या गोळीनंच तयार होतात.

"रोज?"

"रोज."

"टोळीत असली तरी?"

"टोळीत असली तरी."

वनिता बहिणीकडं वळली आणि स्वयंपाकाचं काहीतरी ठरवावं इतक्या साध्या आवाजात म्हणाली, "मी बी येतो टोळीत तुह्यासंग. डबी माह्या पिशवीत राहीन. त्या बाईनं विचारलं तं सांगीन, दवाई माही हाय."

"अन् तुले लोक काय म्हणतीन?" शीला म्हणाली.

"तुले म्हणतात थेच म्हणतीन."

आकडा ऐकून शीला रडली नव्हती. आता रडायला लागली.